निलेकणी, नंदन मोहनराव

निलेकणी, नंदन मोहनराव : (२ जून १९५५ – ). ‘इन्फोसिस’ या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक, तिचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. ‘आधार’ क्रमांकाची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली. उद्योगातून सरकारात जाणारे ते काही पहिले नव्हेत. टाटा समूहातले अर्देशीर दलाल १९४४ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले होते, जॉन मथाई स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले आणि नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून १९५० मध्ये पायउतारही झाले. निलेकणींचे वेगळेपण असे, की त्यांच्याकडे ना खाते होते ना पक्ष. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, नियोजन आयोगाच्या छत्राखालची एक नवी कचेरी आणि एकच काम, एवढ्यावर त्यांची सरकारी कारकीर्द उभी राहिली.

जन्म बंगळूरचा, घराणे कोकणीभाषक, मूळ सिर्सीकडचे. वडील मोहनराव कापडगिरण्यांत व्यवस्थापक होते. त्यांच्या नोकरीतील बदल्यांमुळे शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून नंदन बाराव्या वर्षी काकांकडे धारवाडला आले आणि तेथेच त्यांचे शालेय व पदवीपूर्व शिक्षण झाले. १९७३ मध्ये पवई येथील आयआयटी मुंबईत प्रवेश व १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी. पत्नी रोहिणी (पूर्वाश्रमीच्या सोमण) मुंबईत वाढलेल्या. पत्रकार, लेखिका आणि पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या ‘अर्घ्यम’ संस्थेच्या संस्थापक. रोहिणी यांचे आजोबा, बेळगावचे वकील बाबासाहेब सोमण, १९१७ च्या चंपारण सत्याग्रहात गांधीजींच्या हाकेला ओ देऊन गेले होते.

पदवीनंतर निलेकणी मुंबईत पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये रुजू झाले. त्यांची मुलाखत घेतली ती ना. रा. नारायण मूर्ती यांनी. जुलै १९८१ मध्ये मूर्तींसह सात जणांनी पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. सुधा मूर्ती यांनी साठवणीतून दिलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला हलली, १९९३ मध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात तिची नोंदणी झाली. निलेकणी मार्च २००२ ते जून २००७ मुख्य कार्यकारी अधिकारी होते. या काळात वार्षिक उत्पन्न सुमारे ५० कोटी डॉलरवरून ३०० कोटी डॉलरच्या पुढे गेले. कंपनीतले त्यांचे मुख्य काम ग्राहक जोडण्याचे आणि जोडलेले सांभाळण्याचे. पुढे दिल्लीत निरनिराळ्या खात्यांच्या सचिवांना आणि राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एकेक करून आपल्या बाजूला वळवावे लागले, तेव्हा हाच सराव कामी आला असे म्हणता येईल.

सार्वजनिक कामाची पहिली तालीम बंगळूरमध्येच झाली. मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी १९९९ मध्ये नेमलेल्या ‘बंगळूर अजेंडा टास्क फोर्स’चे ते अध्यक्ष होते. मालमत्ता कराची आकारणी नागरिकांनी स्वतः करण्याची पद्धत, महापालिकेच्या हिशेबांची फेरमांडणी आणि सार्वजनिक शौचालये ही त्या काळातील ठळक कामे. मात्र नगरसेवकांना डावलून उद्योगपती शहराचा अजेंडा ठरवतात, हा आक्षेपही तेव्हापासूनचाच. या गटाला कायद्याचे पाठबळ नव्हते. कृष्णा यांची सत्ता २००४ मध्ये गेली आणि गटाचे कामही थंडावले.

जून २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्यांना विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्षपद दिले. प्राधिकरण त्याच वर्षी जानेवारीत नियोजन आयोगाच्या केवळ एका अधिसूचनेने स्थापन झाले होते. संसदेचा कायदा त्यामागे नव्हता. इन्फोसिसच्या संचालकपदाचा राजीनामा देऊन निलेकणी जुलैत रुजू झाले. महासंचालक म्हणून झारखंड केडरचे सनदी अधिकारी राम सेवक शर्मा आले. बंगळूरच्या तंत्रज्ञान केंद्रात खासगी क्षेत्रातून आलेले अभियंते होते. फायलीची चाल जाणणारे आणि संगणकाची चाल जाणणारे असे दोन गट एकाच कामाला जुंपणे, ही निलेकणींची खरी कर्तबगारी होय. बाहेरून आलेला माणूस सहसा नोकरशाहीला वळसा घालू पाहतो. त्यांनी तसे केले नाही.

योजनेची रचना मुद्दाम आटोपशीर ठेवलेली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लिंग एवढीच सक्तीची माहिती. त्याखेरीज छायाचित्र, दहा बोटांचे ठसे व दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा. जात, धर्म, उत्पन्न यांना अर्जात जागा नाही. बारा अंकी क्रमांकातून व्यक्तीचे गाव वा वय कळत नाही. शेवटचा अंक आधीचे अंक लिहिताना झालेली चूक पकडण्यासाठी असतो. नव्या माणसाचे ठसे व बुबुळे आधी नोंदल्या गेलेल्या सर्वांशी ताडून पाहायची आणि जुळले तर क्रमांक नाकारायचा, हे सर्वांत अवघड काम. कारण नोंदी वाढतील तसतसा ताडण्याचा बोजाही वाढत जातो. नोंदणी स्वतः न करता ती राज्य सरकारे, बँका व त्यांनी नेमलेल्या एजन्सींवर सोपवण्यात आली आणि पैसे तयार झालेल्या क्रमांकांवर मिळत. ज्यांच्याजवळ एकही कागद नाही त्यांच्यासाठी गावातल्या ओळखीच्या माणसाने हमी देण्याची सोय होती.

पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील (शहादा तालुका) टेंभली या आदिवासी गावात, मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देण्यात आले. रेशन, मजुरी आणि बँकेचे खाते ओळखीच्या कागदाअभावी ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी ही योजना, असा त्यामागचा संदेश होता.

डिसेंबर २०१० मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने वर्षभराने ते फेटाळले. गृह खात्याची राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही समांतर चालू होती आणि तेथेही ठसेच घेतले जात होते. जानेवारी २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने तडजोड म्हणून राज्ये दोघांत वाटून दिली व प्राधिकरणाची मर्यादा २० कोटींवरून ६० कोटी नोंदणींपर्यंत वाढवली. विधेयक बासनात, नोंदणी मात्र जोरात, अशी ही स्थिती होती. बंगळूरचा गट सत्ताबदलात टिकला नाही. आधार टिकला, कारण सत्ता बदलेपर्यंत कोट्यवधी लोकांच्या हाती क्रमांक पडलेला होता. वेग हेच या योजनेचे संरक्षण ठरले. पण आधी क्रमांक आणि मागाहून कायदा, या उलट्या क्रमाची किंमतही मोठी आहे. माहिती कोण वापरेल, चूक झाली तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न आधी संसदेत चर्चिले जायला हवे होते; ते पुढे न्यायालयात लढवले गेले.

याच काळात निलेकणींनी इतर समित्यांवरही काम केले. पथकरासाठी वाहनावरील रेडिओ-पट्टीची शिफारस त्यांच्या २०१० च्या समितीची. आज महामार्गावर वापरला जाणारा ‘फास्टॅग’ तिच्यातून निघाला. मोठे सरकारी संगणकीय प्रकल्प खासगी बहुमताच्या, पण सार्वजनिक हेतूच्या कंपन्यांकडे द्यावेत, असे त्यांच्या दुसऱ्या समितीने २०११ मध्ये सुचवले. वस्तू व सेवा कराची संगणकीय कंपनी त्याच धर्तीवर २०१३ मध्ये निघाली, पण २०१८ मध्ये ती पूर्ण सरकारी मालकीची करण्याचे ठरले.

मार्च २०१४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले, तेव्हा सुमारे ६० कोटी क्रमांक दिले गेले होते. त्याच वर्षी त्यांनी दक्षिण बंगळूरमधून काँग्रेसतर्फे लोकसभा लढवली, पण १९९६ पासून तेथून निवडून येणाऱ्या भाजपच्या अनंतकुमार यांनी त्यांचा सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. जुलैत ते नव्या पंतप्रधानांना, नरेंद्र मोदींना भेटले. नव्या सरकारने योजना चालू ठेवली, इतकेच नव्हे तर गॅसचे अनुदान आणि जनधन खाती तिच्याशी जोडली. एप्रिल २०१६ मध्ये क्रमांकांची संख्या १०० कोटींवर गेली.

आधार कायदा मार्च २०१६ मध्ये धनविधेयक म्हणून संमत झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आधारविरोधी याचिकांतूनच उपस्थित झालेला हा प्रश्न होता. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक मताने आधार वैध ठरला. मात्र बँक खाते व मोबाइलसाठीची सक्ती आणि खासगी कंपन्यांचा वापर रद्द झाला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवून संपूर्ण कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाबाहेरचा अनुभव याहून बोचरा आहे. रेशन दुकानातल्या मशीनवर शेतमजुराचा, बांधकामावरच्या बाईचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा ‘अंगठा लागत नाही’, कारण कष्टाने वा वयाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. दुसरे बोट लावून पाहा, हात धुऊन या, उद्या या, असे चालते. ज्यांच्यासाठी टेंभली निवडली गेली त्यांच्याच पदरी हे हेलपाटे यावेत, हा योजनेतील गंभीर दोष होय. हमीदाराची सोय नोंदणीच्या वेळी होती. धान्य देतानाही तितकीच सोपी पर्यायी वाट प्रत्येक दुकानात असायला हवी होती. दुसरीकडे, घरबसल्या बँक खाते आणि परगावीही चालणारे रेशनकार्ड याच क्रमांकामुळे शक्य झाले, हेही तितकेच खरे.

सरकारातून बाहेर पडल्यावर त्यांनी पत्नीसह प्राथमिक शिक्षणासाठी ‘एकस्टेप’ ही संस्था सुरू केली. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाचे सल्लागार म्हणून ‘यूपीआय’ या देयक प्रणालीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता; २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल देयकांवरील समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांच्या राजीनाम्यानंतर ते इन्फोसिसमध्ये अकार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले, तेही खासगीपणाच्या निकालाच्या, २४ ऑगस्ट २०१७ या दिवशीच. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आयआयटी मुंबईला त्यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपयांची देणगी दिली. ‘इमॅजिनिंग इंडिया’ (२००८), ‘रीबूटिंग इंडिया’ (२०१५, विरल शाह यांच्यासह) व ‘द आर्ट ऑफ बिटफुलनेस’ (२०२२, तनुज भोजवानी यांच्यासह) हे त्यांचे इंग्रजी ग्रंथ. राष्ट्रीय ओळख क्रमांकाची कल्पना त्यांनी पहिल्या ग्रंथात, नेमणुकीच्या काही महिने आधीच मांडली होती.