माहुलची मोकळी हवा

कायद्याचा इतिहास म्हटला की न्यायालये, न्यायमूर्ती आणि जाडजूड ग्रंथ आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु एखाद्या गावाच्या वेशीवर उभे राहूनही तो इतिहास वाचता येतो, असे आम्हास वाटते. म्हणून आज आम्ही श्रोत्यांस माहुलच्या वेशीवर नेऊ इच्छितो. एके काळी बेट असलेल्या ट्रॉम्बेच्या खाडीकाठचे हे जुने कोळी-आगरी गाव. एका बाजूस चिखलवट आणि तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूस तेलाच्या टाक्या व धुराडी, अशा मधल्या पट्ट्यात ते आजही वसलेले आहे.

ही धुराडी आली कशी? १९५१ साली भारत सरकारने परदेशी तेलकंपन्यांशी करार केले आणि पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही अशी हमी त्यांना दिली. १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमचा व १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पाठोपाठ १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आणि पुढे १९६५ मध्ये खतकारखाना आला. देशाला तेल हवे होते, वीज हवी होती, खतही हवे होते. त्यात खोट काढण्याचे कारण नाही. भांडवलास हमी मिळाली होती. प्रश्न एवढाच की, माणसास कोणती हमी होती?

कुंपणाच्या आतल्या माणसास एक होती. १९४८ चा कारखाने कायदा कामगाराची काळजी वाहणारा होता, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. त्याचे चौदावे कलम पाहावे. कामाच्या जागी धूळ वा अपायकारक वाफ निर्माण होत असेल, तर ती खेचून घेणारी यंत्रणा बसवावी. आणि इंजिनाचा धूर ‘मोकळ्या हवेत’ सोडल्यावाचून ते चालवू नये, असे ते सांगत होते. योग्यच आहे. पण ही मोकळी हवा म्हणजे कोणाची हवा? कायदा करणाऱ्यांच्या लेखी ती कोणाचीच नव्हती. माहुलमध्ये मात्र ती अंगणातली हवा होती. शिवाय पाळी संपवून घरी निघालेला कामगारही फाटक ओलांडताच कुंपणाबाहेरचा माणूस होतो, ह्याचा विचार त्या कलमात नव्हता.

बाहेरच्या हवेसाठी काहीच नव्हते असे नाही. मुंबईत १९१२ पासून धुराच्या उपद्रवाचा कायदा होता; परंतु त्याची नजर डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर. न दिसणारा वायू त्याच्या चिमटीत सापडणारा नव्हता. पुढे महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा पाण्याविषयीचा कायदा १९७४ चा, हवेविषयीचा १९८१ चा. म्हणजे पहिला तेलकारखाना सुरू झाल्यावर हवेचा राष्ट्रीय कायदा यावयास सत्तावीस वर्षे लागली.

कायद्यास कुंपणापलीकडे खऱ्या अर्थाने पाहावयास लावले ते भोपाळने. डिसेंबर १९८४ मधील त्या रात्री विषारी वायू फाटकाशी थांबला नाही. वर्षभराने दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली, आणि त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुना इंग्रजी दंडक बाजूस सारला. धोक्याचा उद्योग चालविणाऱ्याने त्यातून होणाऱ्या हानीची भरपाई कोणतीही सबब न सांगता केली पाहिजे, असा निर्णय सरन्यायाधीश भगवती ह्यांनी दिला. १९८६ मध्येच पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्यांची माहिती कामगारांबरोबरच आसपासच्या जनतेसही दिली पाहिजे असे ठरले. ज्या कायद्यास ‘मोकळी हवा’ निर्मनुष्य वाटत होती, त्यास तिच्यात प्रथमच माणसे दिसली.

२०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि माहुल-अंबापाड्यातील रहिवासी त्याच्या पुणे येथील खंडपीठाकडे गेले. तक्रार टाक्यांतून व कारखान्यांतून निघणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय वायूंची होती. येथे एक पेच होता. अशा वायूंपैकी बेंझीनसाठी २००९ च्या राष्ट्रीय हवामानकांत मर्यादा होती. इतर कित्येकांसाठी नव्हती. ज्याला माप नाही त्याचा गुन्हा कसा मोजावा? तेव्हा धुराड्यातला आकडा अपुरा पडला आणि माणसाची छाती साक्षीस आली. के. ई. एम. रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. १८ डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधिकरणाने रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले. ऑगस्ट २०२० मध्ये दोन सरकारी तेलकंपन्या व दोन साठवणूक कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविण्यात आली.

ह्या निकालाचा आनंद मानावा, तर त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट आठवते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने हटविण्यात आल्या आणि घाटकोपर, विद्याविहार अशा ठिकाणच्या हजारो कुटुंबांना घरे देण्यात आली, ती माहुललाच! जेथील हवा धोक्याची ठरली होती, तेथेच शासनाने नवी वस्ती नेली. लोकांनी विद्याविहारला ठिय्या दिला. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे असा आदेश दिला. एक खाते मोजत होते, दुसरे चाव्या वाटत होते.

आता वारे पुन्हा फिरले आहे. उद्योगास सुलभता यावी म्हणून २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या व पर्यावरणाच्या कायद्यांतील बऱ्याच अपराधांचा तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या खटल्यापेक्षा तत्काळ वसूल होणारा दंड बरा, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण मोठ्या कारखान्यास पंधरा लाख म्हणजे शिक्षा की खर्चाच्या वहीतील एक ओळ, हे आपण विचारलेच पाहिजे.

उद्योगांशी आमचे वैर नाही. आज येथे येताना आपल्यापैकी अनेकांच्या वाहनांत त्याच टाक्यांतले तेल असेल. म्हणूनच हा प्रश्न केवळ माहुलकरांचा नाही. ज्यास कायदा ‘मोकळी हवा’ म्हणत होता ती कोणाच्या तरी नाकाशी जाते, एवढे समजावयास आपल्या कायद्यास चाळीस वर्षे लागली. समजले ते अमलात यावयास आणखी किती लागावीत, हे न्यायालयापेक्षाही, कुंपणापासून दूर राहणाऱ्या आपल्या नागरिकांच्या आग्रहावर अवलंबून आहे.