अंगणवाडी किंवा बालवाडीची शिक्षिका व्हायचं असेल तर काय शिकावं लागतं?

मुक्ताईनगर, बोदवड, रावेर या पट्ट्यात बारावी झालेल्या मुलीला 'लहान मुलांना शिकवायचंय' असं वाटलं, तर तिच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. पंचायत समितीच्या फलकावर लागणारी अंगणवाडी भरतीची जाहिरात. गावातली किंवा तालुक्याची खासगी नर्सरी, जिथे बऱ्याचदा ओळखीवर आणि कमी पगारावर काम मिळतं. आणि तिसरी वाट म्हणजे 'माँटेसरी टीचर ट्रेनिंग, शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात करणारा एखादा खासगी क्लास.

तिन्ही ठिकाणी काम तेच, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत दिवस काढण्याचं. पण त्यासाठी लागणारी पात्रता, मिळणारं प्रशिक्षण आणि हातात पडणारे पैसे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. त्यामुळेच या क्षेत्रात येणाऱ्या मुलींचा गोंधळ होतो आणि कधी कधी फीचे पैसेही वाया जातात.

अंगणवाडी सेविका: अट काय, तपासतात काय?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांपासून सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पूर्वी सेविकेसाठी दहावी पुरेशी असायची. 2022 मधल्या केंद्राच्या 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0' च्या सूचनांनंतर राज्यानेही 2023 मध्ये नियम बदलले. आता बारावी पास, वय 18 ते 35 आणि त्याच गावची रहिवासी असणं आवश्यक आहे. विधवा उमेदवारांना वयात सवलत आहे.

निवड मुख्यतः गुणांवर होते. बारावीच्या टक्केवारीला सगळ्यात जास्त वजन असतं. पदवी, डी.एड., संगणकाचं प्रमाणपत्र, मदतनीस म्हणून केलेलं काम, सामाजिक प्रवर्ग आणि विधवा किंवा अनाथ असणं यांचे गुण त्यात मिळवले जातात. वशिलेबाजीला आळा घालायला ही पद्धत बरी आहे. मात्र उमेदवाराला रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासमोर बसता येतं का, गोष्ट सांगता येते का, हे यात कुठेच कळत नाही. म्हणजे ते सगळं नेमणुकीनंतरच्या प्रशिक्षणावर सोडलेलं आहे.

हे प्रशिक्षण ठरतं कसं? योजनेच्या रचनेत नव्या सेविकेसाठी आधी काही दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग साधारण महिनाभराचं कामाचं प्रशिक्षण आणि पुढे अधूनमधून उजळणी वर्ग असा क्रम आहे. महिनाभर पुरेसा वाटू शकतो. पण अंगणवाडीत सहा सेवा चालतात: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. मूल आणि खेळ यांच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. बाकी वेळ वजनकाटा, वाढीचा तक्ता, गरोदर मातांची यादी आणि नोंदी यांच्याच शिकवणीत जातो.

2021 पासून या नोंदी 'पोषण ट्रॅकर' या अ‍ॅपवर गेल्या. त्याच वर्षी राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण अ‍ॅपची भाषा इंग्रजी आणि फोनची क्षमता अपुरी अशी त्यांची तक्रार होती. प्रशिक्षणाचा वेळ कुठे जातो, हे यावरून लक्षात येईल.

आधी शिक्षिका मुलांच्या अंगणात गेली

महाराष्ट्रात या शिक्षणाचा पाया सरकारी योजनेच्या बराच आधी घातला गेला. ताराबाई मोडक (1892-1973) भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करत होत्या. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी स्वीकारली, पण तिची महागडी साधनं ग्रामीण भारताला परवडणार नाहीत हे ताराबाईंनी लवकर ओळखलं.

1945 मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ (1910-1992) त्यांच्यासोबत आल्या आणि कायमच्या तिथल्या झाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत, घरांपुढच्या अंगणात न्यायची असं ठरलं. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ असा तो दिवस असे. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, माती. 'अंगणवाडी' या शब्दामागची कल्पना ही अशी आहे. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात भरवण्याचा प्रयोगही तिथलाच. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंनाही पुढे पद्मश्री मिळाली.

कोसबाडमध्ये शिकायला येणाऱ्या स्त्रियांना मुलांनी भरलेली बालवाडी समोरच असायची. सकाळी पाहायचं, दुपारी त्यावर बोलायचं, दुसऱ्या दिवशी स्वतः करून बघायचं. आजच्या अनेक प्रमाणपत्रांमध्ये नेमकं हेच नसतं.

चांगल्या प्रशिक्षणात काय शिकवतात?

सगळ्यात आधी निरीक्षण. मूल खेळताना काय करतं हे मध्ये न बोलता दहा मिनिटं पाहायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. 'मुलगा हट्टी आहे' ही नोंद होत नाही. 'दुसऱ्याने डबा घेतल्यावर तो कोपऱ्यात गेला, पाच मिनिटांनी स्वतःच परत आला' ही नोंद होते. ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या शिक्षिकांना हेच सगळ्यात जड जातं, कारण गप्प बसून पाहणं म्हणजे काम न करणं असं वाटत राहतं.

दुसरं, हाताची तयारी. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार नसतात. म्हणून आधी मातीचे गोळे करणं, कागद फाडणं, मणी ओवणं, पाण्याने भांडी भरणं. पालक विचारतात, 'सहा महिने झाले, अजून अ-आ-इ येत नाही?' त्यांना शांतपणे काय उत्तर द्यायचं, हाही प्रशिक्षणाचा भाग असायला हवा. खासगी नर्सरीत अनेकदा पालकांच्या दबावापुढे संस्था झुकते आणि साडेतीन वर्षांचं मूल पाटीवर एकच अक्षर पानभर गिरवत बसतं. शिक्षिकेला हे चुकीचं वाटत असलं, तरी का चुकीचं हे मांडता आलं नाही तर तिचं काही चालत नाही.

गणितही असंच. एक ते शंभर पाठ म्हणण्याआधी मुलाला गोष्टी वेगळ्या करता याव्या लागतात: चिंचोके एकीकडे, शेंगदाणे दुसरीकडे, मोठी पानं खाली, लहान वर. केळीच्या पट्ट्यात तर साधनं शोधायला लांब जावं लागत नाही. एका फणीत किती केळी, कोणती लांब, कोणती पिकलेली, यावर आठवडाभराचे खेळ बसवता येतात.

आणि भाषा. मुक्ताईनगर परिसरात बऱ्याच घरांत लेवा गणबोली बोलली जाते. तिच्यात 'ळ' च्या जागी अनेकदा 'य' येतो, त्यामुळे मूल डोळ्याला 'डोया' आणि काळ्याला 'काया' म्हणतं. जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि धुळ्याकडे अहिराणी आहे. तिथे मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर'. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा वस्त्यांमध्ये आणखी वेगळ्या बोली, तर बऱ्हाणपूर जवळ असल्याने हिंदीही कानावर असते.

'डोया नाही, डोळा म्हण' असं पहिल्याच आठवड्यात चारदा ऐकलेलं मूल पाचव्यांदा तोंडच उघडत नाही. मग नोंदवहीत त्याच्यापुढे 'बोलत नाही' असं लिहिलं जातं. तयारीची शिक्षिका 'हो, माझा पण डोळा बघ' म्हणते. मुलाचा शब्द पुसत नाही, त्याच्या शेजारी दुसरा ठेवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर आहे. पण तो बैठकीच्या खोलीत कसा आणायचा, हे सरावानेच येतं. सेविका त्याच गावची असावी या अटीचा खरा फायदा इथे आहे.

आता काय बदलतंय?

याच धोरणात म्हटलं आहे की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी, तीही काम चालू ठेवून, दूरशिक्षणाने. प्रत्यक्षात मे 2023 मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आणला आणि त्याखाली सेविकांसाठी तीन दिवसांची शिबिरं सुरू झाली. मार्च 2024 मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' हे आराखडे आले. रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावं, आठवड्याचे खेळ आधी ठरवलेले असावेत, दिव्यांग मुलं लवकर ओळखली जावीत, असा त्यांचा भर आहे.

आराखडे चांगले आहेत. पण सहा महिने आणि तीन दिवस यांत फार अंतर आहे. ते भरून काढायचं काम सध्या मुख्यसेविकेच्या मासिक बैठकीवर येऊन पडतं, आणि त्या बैठकीतही अहवालच पुढे असतात.

पैसे आणि दर्जा

सेविकेला मिळतं ते 'मानधन', पगार नाही. शब्दात थोडाच फरक दिसतो, पण वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन या गोष्टी त्यावरच अडतात. वाढीसाठी राज्यात वारंवार संप झाले. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेला संप जानेवारीपर्यंत लांबला होता. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 च्या निकालात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असं म्हटलं. त्या निकालाचा सूर असा की हे काम अर्धवेळ स्वयंसेवा नाही. पुढे जायची वाट म्हणजे मुख्यसेविका. त्यासाठी पदवी घेऊन ठेवलेली बरी. मदतनिसांसाठीही सेविका होण्याची सोय नियमांत आहे.

खासगी कोर्सला फी भरण्याआधी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांच्या पदविकेला मान्यता देते. तिला डी.पी.एस.ई. म्हणतात आणि बारावीला 50 टक्के गुण लागतात. डी.एल.एड. (जुनं डी.एड.) हे पहिलीपासूनच्या वर्गांसाठी आहे. ते केलं म्हणून बालवाडीची तयारी झाली असं नाही. केंद्रीय विद्यालयांच्या बालवाटिकांसारख्या ठिकाणी कंत्राटी शिक्षिका घेतानाही बारावी आणि पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका किंवा तत्सम पात्रता मागितली जाते. तिथे सहा महिन्यांचं खासगी प्रमाणपत्र चालत नाही.

'माँटेसरी' हे नाव कुणीही लावू शकतं, त्यावर एका संस्थेची मालकी नाही. मारिया माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि त्या काळात त्यांनी इथे शेकडो शिक्षकांना स्वतः शिकवलं. त्यामुळे हे नाव आपल्याकडे खोल रुजलं आणि नंतर पाट्यांवरही गेलं. संस्था खरी आहे का हे पाहायला तीन प्रश्न पुरतात: एनसीटीईच्या यादीत नाव आहे का, प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास काम करायला मिळेल, आणि ते कोणत्या बालवाडीत. तिसऱ्या प्रश्नाला 'ते तुम्ही तुमच्या ओळखीने बघा' असं उत्तर मिळालं तर पैसे भरू नयेत.

दोन वर्षं घराबाहेर राहणं शक्य नसेल, तर इग्नूची बाल्यावस्था संगोपन आणि शिक्षण पदविका हा पर्याय आहे. बारावीनंतर करता येते, किमान एक वर्षाची आहे आणि प्रवेश साधारणपणे जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. अंगणवाडी भरतीची माहिती मात्र तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयातच मिळते. अर्जासोबत रहिवासी दाखला, बारावीचं गुणपत्रक आणि असल्यास मदतनीस म्हणून केलेल्या कामाचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर रहिवासी दाखल्यासाठी धावपळ करण्यात मुदत निघून जाते, म्हणून तो आधीच काढून ठेवावा.