निकम, उज्ज्वल देवराव

(३० मार्च १९५३). विशेष सरकारी वकील. जन्म जळगावचा, वडील न्यायाधीश. कायद्याचे शिक्षण आणि सरकारी वकिलीची सुरुवातही जळगावातच.

१२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे दगावली. तो खटला निकमांनी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात तेरा-चौदा वर्षे चालवला. न्या. प्र. द. कोदे यांनी १०० जणांना दोषी ठरवले. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा धरला जाई, आणि सरकार पक्षाची बरीच भिस्त त्यावर होती.

मुंबईवरच्या २६/११ च्या दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात ही सोय नव्हती. आरोपांत खुनाबरोबर भारताविरुद्ध युद्ध पुकारल्याचाही आरोप होता. पायात गोळी घुसलेली दहा वर्षांची मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने हल्लेखोर अजमल कसाबला ओळखले. जुलै २००९ मध्ये कसाबने एकाएकी गुन्हा कबूल केला. ही कबुली अर्धवट आहे, असे सांगत निकमांनी साक्षीपुरावे पुढे चालू ठेवण्याचा आग्रह धरला, न्या. एम. एल. टहलियानी यांनी तो मानला. निकमांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणावा लागेल, कारण कसाबला झालेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली ती याच पुराव्यावर. दोन भारतीय सहआरोपी मात्र पुराव्याअभावी सुटले.

कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट आपणच रचली होती, असे निकमांनी २०१५ साली सांगितले. कसाबबद्दल सहानुभूती निर्माण होऊ नये म्हणून तसे केले, हा त्यांचा खुलासा. तो पटण्यासारखा नाही. सरकारी वकिलाचा शब्द लोक शासनाचा शब्द म्हणून ऐकतात.

२०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांनी २६/११ च्या कटात सामील आणि अमेरिकेतल्या कैदेत असलेल्या डेव्हिड हेडलीची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदवली. २०२४ मध्ये भाजपतर्फे लोकसभेची निवडणूक ते हरले. २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले.

त्याआधीच्या काळात विदर्भातला त्यांचा मोठा खटला खैरलांजीचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद ठरवली. दलित-आदिवासींवरील अत्याचार रोखणारा अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांत लागू झाला नाही.