फडा, कुंचला आणि शिंदीचे झाड

बीड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत झाडणी एक नसे. माजघरात शिंदीचा फडा, गोठ्यात व अंगणात तुराट्यांचा खराटा, आणि जात्याभोवतीचे पीठ गोळा करण्यास वीतभर कुंचला. गोठ्यातला खराटा माजघरात आलेला आजीला खपत नसे, आणि पिठाच्या कुंचल्याने केर काढणाऱ्या सुनेची तर धडगत नसे. शुचिर्भूतपणाचा भाग त्यात होताच. पण प्रत्येक कामाला वेगळी काडी लागते, हे शहाणपणही होते.

कुंचल्याचे तत्त्व साधे आहे. तंतू असलेली काडी घ्यावी आणि तिचे टोक ठेचावे. सकाळी बाभळीचे दातवण चावणारा माणूस दुसरे काय करतो? भिंतीला चुना द्यायचा तर घायपाताची, म्हणजे आपल्या केकताडाची, पाने पाण्यात कुजवून, बडवून वाख काढायचा, धुऊन वाळवायचा, मुठीएवढा जुडगा आवळून बांधायचा आणि टोके सारखी छाटायची. गंमत अशी की, घायपात मूळचे अमेरिका खंडातले. तेव्हा वाडवडिलांचा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो वाखाचा कुंचला कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी या मुलखात असणे शक्य नाही!

शिंदी मात्र इथलीच, ओढ्याकाठची. तिच्या झावळ्या तोडून वाळवायच्या, पाती लोखंडी दातांच्या फणीने विंचरून बारीक करायची आणि मूठ बांधायची. हे काम प्रामुख्याने मातंग समाजाचे. दोर वळावेत, फडे बांधावेत आणि सुगीला बलुते घ्यावे, हा गावगाड्यातला रिवाज. दिवाळीला याच फड्याला हळदकुंकू वाहून आपण लक्ष्मी म्हणत आलो. लक्ष्मी उंबऱ्याच्या आत आणि तिला घडविणारा उंबऱ्याबाहेर, हे आपल्या पूर्वजांना विसंगत वाटले नाही, याची आम्हांस लाज वाटते.

याच झाडावर आणखी दोघांची नजर होती. शिंदीच्या रसाची ताडीसारखी विक्री होई आणि आबकारी हे निजाम सरकारचे मोठे उत्पन्न होते. १९४७ साली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला. त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९३५ पासून आपल्या अंबाजोगाईच्या, तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयात काम केलेले. सरकारी उत्पन्नावर घाव घालावा म्हणून त्या लढ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्यात आली. घाव योग्य जागी बसला, यात शंका नाही. १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस अशाच घावांनी जवळ आणला. पण कुऱ्हाड झाडाला ताडीचे झाड म्हणून ओळखत होती, फड्याचे झाड म्हणून नव्हे. आमच्या मते स्वातंत्र्याच्या जमाखर्चात फडे बांधणाऱ्यांची ही झावळी खर्चाच्या बाजूला मांडली पाहिजे.

पुढे ओढेही आटले आणि काठ नांगरांखाली गेले. आता आठवडी बाजारात प्लास्टिकच्या झाडण्यांचे ढीग असतात आणि जात्याबरोबर पिठाचा कुंचला गेला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मात्र फडेवाल्या बाई रस्त्याच्या कडेला बसतात. वर्षभर प्लास्टिक वापरणारे आपण त्यांच्यापुढे उकिडवे बसतो, एकच फडा निवडतो, आणि त्या एका फड्यासाठीही घासाघीस करतो.