इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन संयुगाच्या शोधाचा कालनिर्णय

परळी वैजनाथ म्हटलें कीं इतिहासाभ्यासकास ज्योतिर्लिंगाचें देवालय व अहिल्याबाई होळकरांनीं केलेला त्याचा जीर्णोद्धार आठवतो. १९७१ पासून त्या नांवास औष्णिक वीजकेंद्राचीहि जोड मिळाली. वीज तारांतून दूर जातांना तिचा कांहीं अंश उष्णता होऊन वाटेंतच खर्ची पडतो. ही तूट मुळींच होऊं न देणारे पदार्थ आहेत; त्यांस अतिसंवाहक म्हणतात. तो गुण त्यांच्या ठायीं पुष्कळ थंडी दिल्यावरच प्रकट होतो. अशा एका पदार्थकुलाच्या शोधाच्या संबंधांत मुंबई व अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळा अशीं दोन नांवें पुढें येतात. त्यांपैकीं कोणाकडे काय जातें, हें तारखा लावून पाहाणें अवश्य आहे.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत विरलमृदा धातूंच्या संयुगांचें चुंबकत्व हा बहुत वर्षांचा अभ्यासविषय. संयुग द्रव हेलियमच्या साह्यानें उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावयाचें, त्यास मोजकी उष्णता द्यावयाची आणि तपमान किती चढलें तें टिपावयाचें, अशी विशिष्ट उष्णता मोजण्याची रीत आहे. थंडी वाढेल तसें अणूंचें कंपन मंदावतें व हा आंकडा उतरत जातो. मात्र ज्या तपमानास अणूंचीं चुंबकें एका शिस्तींत मांडलीं जातात, तेथें आलेखांत शिखर उभें राहातें. त्या शिखराचें खरें माप हवें तर कंपनाचा वांटा वजा केला पाहिजे. त्यासाठीं त्याच घडणीचें पण चुंबकत्व नसलेलें संयुग जवळ लागतें. इट्रियमचें संयुग तें काम करतें. सोनाराच्या तागडींतील वजनासारखेंच म्हणा ना.

आश्चर्य असें कीं, या वजनांतच सोनें निघालें! इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांत सुमारें १२ केल्विनला अतिसंवाहकतेची अंधुक खूण दिसली. नमुन्याचा अल्पसाच भाग तसा वागत होता. भेसळ म्हणून ती खूण टाकून देणें सोपें होतें, आणि कित्येकांनीं तसेंच केलें असतें. मजुमदार, नागराजन प्रभृतींनीं ती १९९३ सालीं 'सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स' या पत्रांत छापली. पुढें कार्बनचा अंश हेंच मर्म असल्याचें ध्यानांत आलें. १० जानेवारी १९९४ च्या 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्यें नागराजन, मजुमदार, हुसेन, धर, गोपालकृष्णन, गुप्ता, गोदार, पडालिया व विजयराघवन यांचा लेख आला. पृष्ठभागापुरती नव्हे, सबंध पिंडांत पसरलेली अतिसंवाहकता असा दावा त्याच्या मथळ्यांतच आहे.

बेल प्रयोगशाळेंतील कावा व त्यांचे सहकारी यांचे लेख 'नेचर'मध्यें त्याच महिन्याच्या १३ व २० तारखेस आले. पहिल्यांत पॅलेडियमयुक्त संयुगांत २३ केल्विनची नोंद आहे. दुसऱ्यांत निकेलचें कुल शुद्ध रूपांत वेगळें केलें आहे, आणि त्याच अंकांत त्याची स्फटिकरचनाहि दिली आहे. तीन दिवसांच्या अंतरावरून श्रेयाचा निवाडा करणें पोरकटपणाचें होईल. निर्णायक साधन १९९३ चा लेख होय. पहिली खूण मुंबईची, यांत शंका उरत नाहीं. परंतु कुलाचें नेमकें सूत्र व घडण हीं बेलचीं, हेंहि तितक्याच स्पष्टपणें म्हटलें पाहिजे. मुंबईच्या नमुन्यांत अनेक पदार्थ मिसळलेले होते.

इट्रियमच्या जागीं चुंबकीय विरलमृदा घातल्या तेव्हां या कुलाचें खरें मोल कळलें. अर्बियमचें संयुग सुमारें ११ केल्विनला अतिसंवाहक होतें व ६ केल्विनच्या सुमारास त्यांत चुंबकीय शिस्त येते. दोन्ही एकत्र नांदतात. होल्मियमचें सुमारें ८ केल्विनला अतिसंवाहक होतें. पुढें ५ केल्विनच्या आसपास, जेथें विशिष्ट उष्णतेच्या आलेखांत शिखर दिसतें, तेथेंच त्याची अतिसंवाहकता डळमळते, आणि आणखी थंड करतां पुन्हा परत येते.