माध्यम, परीक्षा आणि समीक्षा : उस्मानियातील मराठी विद्यार्थी

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना आपण समीक्षकाचे ग्रंथ तपासतो, त्याच्यावरील पाश्चात्त्य आणि संस्कृत प्रभावांची चर्चा करतो, त्याने कोणाशी वाद घातला याची नोंद घेतो. तो कोणत्या भाषेत भूमिती शिकला, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. मुंबई-पुण्याकडील समीक्षकांच्या बाबतीत तो विचारण्याची गरज भासली नसावी. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हे गृहीतच होते, आणि जे गृहीत असते त्याची इतिहासात नोंद होत नाही. मराठवाड्याकडे वळताच हे गृहीतक कोसळते. १९१८ नंतरच्या तीन दशकांत परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या पाच जिल्ह्यांतील जो मराठी मुलगा संस्थानातच राहून पदवीपर्यंत जाऊ इच्छीत होता, त्याच्यापुढील विद्यापीठ एकच होते आणि त्याची भाषा उर्दू होती. या मुलाचा अनुभव आपल्या वाङ्मयीन इतिहासात का आला नाही, आणि तो आला असता तर काही समीक्षकांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली असती काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उस्मानिया विद्यापीठ ही केवळ एका संस्थानिकाची लहर नव्हती. अकबर हैदरी यांनी १९१७ मध्ये सादर केलेल्या टिपणात परकीय भाषेतून शिकल्याने विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर ताण पडतो आणि विचारशक्ती खुरटते, अशा आशयाची मांडणी होती. ही मांडणी त्या काळातील कोणत्याही देशी भाषाभिमान्याला मान्य झाली असती. मुंबई विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना जी दीर्घ खटपट करावी लागली ती आठवली, म्हणजे हैदराबादच्या प्रयोगाचे धाडस कळते. त्याच वर्षी 'दारुत्तर्जुमा' हे भाषांतर खाते स्थापन झाले, मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा विद्वान त्याच्या प्रमुखपदी आला आणि विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंतची पाठ्यपुस्तके उर्दूत सिद्ध होऊ लागली. अर्थशास्त्राला 'मआशियात', मानसशास्त्राला 'नफ्सियात', भूगोलाला 'जुगराफिया' म्हणत एक संपूर्ण ज्ञानव्यवस्था उभी राहिली. एका आधुनिक भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम करणारे हे देशातील पहिले मोठे विद्यापीठ होते. मराठीतून विज्ञान शिकवता येईल की नाही याची चर्चा आपण पुढे कित्येक दशके करीत राहिलो, हे येथे लक्षात ठेवावे.

तथापि हैदरींचा युक्तिवाद ज्या विद्यार्थ्याला गृहीत धरून चालला होता, तो संस्थानातील बहुसंख्य विद्यार्थी नव्हताच. संस्थानात तेलुगू भाषक सर्वांत जास्त होते, मराठी भाषक सुमारे चतुर्थांश, कन्नड भाषक त्याहून कमी. उर्दू मातृभाषा असणारे दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे 'मातृभाषेतून शिक्षण' हे तत्त्व ज्या निर्णयामागे होते, तोच निर्णय बहुसंख्यांना मातृभाषेपासून दूर नेणारा ठरला. आपल्याकडील इतिहासलेखन या विसंगतीतील दुसराच भाग सांगते, तर अलीकडे देशी भाषांतील उच्च शिक्षणाच्या चर्चेत उस्मानियाचा जो गौरव होतो, तो फक्त पहिला भाग सांगतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र दोन्ही भाग एकत्रच येत होते.

त्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहू. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे टोकाईच्या गडाजवळचे गाव. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. अशा गावातल्या मुलाची पहिली अक्षरओळख मराठीत होई. पुढे तालुक्याच्या शाळेत वरच्या इयत्तांत उर्दू येई. मॅट्रिकनंतर पूर्णा गाठून गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारी गाडी धरायची आणि नांदेड, निजामाबाद मागे टाकीत हैदराबादला उतरायचे. घरी मराठी, देवघरात संस्कृत किंवा संतांची मराठी, वर्गात उर्दू, आणि यांखेरीज इंग्रजी हा सक्तीचा विषय. मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र, इतरांना त्याऐवजी 'अखलाकियात', म्हणजे नीतिशास्त्र. अंगात शेरवानी. अडिकमेटच्या माळावर १९३९ मध्ये कला महाविद्यालयाची भव्य इमारत पुरी झाली तेव्हा तिच्या कमानीखालून जाणाऱ्या या मुलाला आपण कोणाच्या विद्यापीठात आलो आहोत असे वाटले असेल? अभिमान आणि परकेपणा या दोन भावना एकाच वेळी एकाच मनात असू शकतात, हे कादंबरीच्या समीक्षकाला सांगावे लागत नाही. इतिहासकाराला मात्र सांगावे लागते.

१९३८ च्या नोव्हेंबरमधील वंदे मातरम् आंदोलन या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणत. ते वादग्रस्त असल्याचे सांगून अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयातही या आंदोलनाचे पडसाद उमटले. नागपूर विद्यापीठाने यांतील अनेकांना प्रवेश दिला, आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हा प्रसंग राष्ट्रीय जागृतीचा टप्पा म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने त्याचा एक अर्थ राहून जातो. ज्या विद्यापीठात दिवसभराचे सारे ज्ञान उर्दूत चाले, तेथे प्रार्थनेची वेळ हीच विद्यार्थ्याच्या हाती उरलेली एकमेव भाषिक जागा होती. गीत म्हणण्याचा आग्रह हा त्या जागेचाही आग्रह होता. नागपूरला गेलेल्या मुलांना नंतर इंग्रजीशी झुंजावे लागले असणार. मात्र त्या झुंजीची कथा कोणी फारशी लिहिली नाही, कारण तिच्यात शौर्य नाही.

येथे एक अडचण उपस्थित होते, आणि ती बाजूला सारून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 'मराठी विद्यार्थ्याला उर्दू परकी होती' हे विधान आपण ज्या सहजतेने करतो, त्यातला मराठी विद्यार्थी कोण? औरंगाबाद भागात जन्मलेले बी. श्यामसुंदर हे उस्मानियाचे पदवीधर, संस्थानातील दलितांचे नेते. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात ते होते. त्यांच्या राजकीय निर्णयाशी आपण सहमत असू वा नसू. परंतु ज्याला देवळाच्या पायरीवर आणि पाठशाळेच्या ओसरीवर जागा नव्हती, त्याच्यासाठी पंतांच्या आर्येची मराठी उर्दूहून जवळची कशी ठरावी? उर्दूने त्याला जातीची ओळख विचारली नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरी त्या भाषेच्या शिष्ट रूपावर ब्राह्मणी पाठांतराची मालकी नव्हती, हेही खरे. म्हणून परकेपणाचा अनुभव हा सर्व मराठी विद्यार्थ्यांचा एकजिनसी अनुभव नव्हता. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा तेथे आलेल्या मुलांचा विद्यापीठीय अनुभव आणि त्यातून घडलेले साहित्य यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो; तो या लेखाच्या कक्षेत बसणारा नाही.

आता कुरुंद्याकडे परत येऊ. या गावाचे नाव मराठी वाचकाला माहीत आहे ते नरहर कुरुंदकरांमुळे. जन्म १५ जुलै १९३२, आजोळी नांदापूरला, घराणे कुरुंद्याचे. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक आणि मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या महाभारतांचे तौलनिक अभ्यासक. पुढील शिक्षणासाठी भाचा त्यांच्याकडे हैदराबादला गेला आणि सिटी कॉलेजात दाखल झाला. कालक्रम नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. म्हणजे कुरुंदकरांची पिढी शाळेत एका भाषेची सवय करून घेते आणि महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येते तो भाषाच बदललेली. मराठी पाठ्यक्रमात होती, घरात होती, मामांच्या बैठकीत होती. ज्ञानाचे माध्यम ती तेव्हाही नव्हती. एका राज्याचा अंत झाल्यावर आपली भाषा येईल असे ज्यांना वाटले असेल, त्यांच्या पदरी इंग्रजी आली.

कुरुंदकर इंटरमीजिएटच्या परीक्षेत नापास झाले, ही गोष्ट मराठवाड्यात दंतकथेसारखी सांगितली जाते. आमचे विद्यार्थीही ती मोठ्या आवडीने सांगतात, विशेषतः निकालाच्या सुमारास. तिचा सांगण्यातला रोख असा की विद्वत्तेला पदवीची गरज नसते. मला हा रोख सदोष वाटतो. एक तर कुरुंदकरांनी पुढे पदव्या मिळविल्या. १९५५ मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात अध्यापक, आणि अखेर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. पदवीवाचून चालत नाही हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. दुसरे असे की, व्यक्तीचे अपयश म्हणून सांगितली जाणारी ही घटना ज्या वर्षांत घडली, ती विद्यापीठाच्याच भाषांतराची वर्षे होती, हे दंतकथा विसरते. त्या वर्षांत नापास झालेला प्रत्येक मुलगा कुरुंदकर झाला नाही. बहुतेक गावी परतले, कोणी तलाठी झाले, कोणी दुकानावर बसले, आणि त्यांच्या नापास होण्याची कारणे त्यांच्याच आळसात शोधली गेली.

कुरुंदकरांच्या समीक्षेच्या शैलीविषयी बोलताना तिचे वक्तृत्वाशी असलेले नाते नेहमी सांगितले जाते. वाक्ये लहान, प्रश्न वारंवार, प्रतिपक्षाची बाजू आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायची आणि मग तिच्याच गृहीतकातून तिला उलटवायची. हे वर्णन बरोबर आहे, पण ते कारण नव्हे. वक्ते मराठीत पुष्कळ झाले. त्यांच्यापैकी किती जणांचे गद्य असे झाले? मला असे सुचवायचे आहे की, ही शैली वर्गाबाहेर, संभाषणातून शिकलेल्या माणसाची आहे. ज्याला ज्ञान एका भाषेत मिळते, दुसऱ्या भाषेत तपासले जाते आणि तिसऱ्या भाषेत सांगावे लागते, तो मूळ शब्दाला चिकटून राहू शकत नाही. त्याला आशय आपल्या भाषेत पुन्हा उभा करावाच लागतो. 'रिचर्ड्सची कलामीमांसा' या पुस्तकात रिचर्ड्सची भूमिका आधी स्वतःच्या शब्दांत बांधून मग तिची परीक्षा करण्याची जी पद्धत दिसते, ती याच सवयीची खूण मानता येईल. 'धार आणि काठ' (१९७१) मध्ये मराठी कादंबरीचा विचार करताना किंवा 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना ठरलेल्या दीर्घ पत्रात ऐतिहासिक पुराव्याची छाननी करताना, समोर कोणी बसले आहे आणि त्याला पटवून द्यायचे आहे, ही जाणीव सुटत नाही. साहित्यशास्त्र, मनुस्मृती, इस्लामचा इतिहास, संगीत, राजकारण असा त्यांचा जो संचार आहे, त्यालाही विद्यापीठीय विषयविभागणीचा काच नाही. ती विभागणी त्यांच्या अंगवळणी पडण्याआधीच मोडून पुन्हा बसवली जात होती.

यावर आक्षेप घेता येईल की, उस्मानियात शिकलेल्या इतरांची शैली अशी का झाली नाही? आक्षेप रास्त आहे. एका व्यक्तीच्या गद्यावरून एका विद्यापीठाचा परिणाम सिद्ध होत नाही, आणि मामांच्या घराचा संस्कार वेगळा काढता येत नाही तो नाहीच. तरी निदान एवढे मान्य व्हावे की, मराठवाड्यातील समीक्षेला 'मुंबई-पुण्याच्या चर्चांचा उशिरा पोचलेला प्रतिध्वनी' समजण्याची जी रीत आहे, ती येथे अपुरी पडते. मुंबईच्या अभ्यासकाजवळ इंग्रजीचे विद्यापीठ होते आणि मराठीचे नियतकालिक. हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्याजवळ विद्यापीठ होते त्यात मराठी एका विभागापुरती; आणि मराठी होती ती साहित्य परिषदेच्या सभेत, ग्रंथालयात, कोणाच्या तरी ओसरीवर. १९३१ मध्ये केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादला भरलेले साहित्य संमेलन किंवा १९४३ मध्ये स्थापन झालेली मराठवाडा साहित्य परिषद यांना म्हणूनच पुण्यातील तशाच संस्थांपेक्षा अधिक काम करावे लागले. न मिळालेल्या विद्यापीठाचे काम त्या करीत होत्या.

ते विद्यापीठ औरंगाबादला २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला दुसरे झाले, आणि कुरुंद्याच्या मुलांची पदवी आता तेथून येते. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात वसमत भागातील मुले-मुली असतात. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात माध्यमाचा प्रश्न नाही असे समजून मी बरीच वर्षे शिकवले. मग एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधाच्या तोंडी परीक्षेत 'संरचना' या शब्दाचा अर्थ सांगताना अडखळून, शेवटी घराच्या वाशांचा आणि आढ्याचा दाखला देऊन तो अचूक सांगितला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उत्तर 'अशास्त्रीय' ठरवले, आणि मी त्या वेळी काही बोललो नाही. आमच्या समीक्षेची परिभाषा इंग्रजीवरून संस्कृतात घडवलेली. ती तिच्यासाठी 'नफ्सियात'पेक्षा फार जवळची नव्हती. गावी तिचे आजोबा निजामी शाळेत शिकलेले होते. सातबाऱ्याचे जुने उर्दू कागद वाचायला लोक अजून त्यांच्याकडे येत, असे तिने नंतर सांगितले. त्यांनी तिला संशोधनासाठी एकच शब्द दिला होता, 'तहकीक', आणि तो आपल्या प्रबंधात वापरता येईल का, असे ती विचारीत होती.