आधी पडद्यावर चुका

मालेगावात रात्री उशिरापर्यंत यंत्रमागांची खडखड चालू असायची आणि मी आतल्या खोलीत कॉपर क्लॅडच्या तुकड्यावर मार्करने सर्किट काढत बसायचो. मग फेरिक क्लोराइडचं पाणी, फरशीवर पिवळे डाग आणि आईची बोलणी! एक रेघ चुकली की बोर्ड वाया. नवा आणायचा तर नाशिकची फेरी.

हे काम कॉम्प्युटरवर करणारी सॉफ्टवेअरं तेव्हाही होती, पण महागडी. हौशी मंडळींना आधार होता १९८८ च्या जर्मन 'ईगल'चा. त्याच्या फुकट आवृत्तीत बोर्ड १०० बाय ८० मिलिमीटरच्या पुढे जायचा नाही, पण शिकायला तेवढं पुष्कळ. पुढे २०१६ साली ऑटोडेस्कने ईगल विकत घेतलं आणि २०२३ साली ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडलं की असंच व्हायचं.

दुसरी वाट फ्रान्समधली. ग्रेनोबलला शिकवणाऱ्या ज्यां-पियेर शारा यांनी १९९२ साली 'कीकॅड' लिहायला घेतलं. ते मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरा, कुणीही सुधारा. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला.

आणि आता आपल्याकडचा भाग. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या 'फॉसी' प्रकल्पात २०१३ च्या सुमारास 'ऑसकॅड' तयार झालं. तेच आजचं 'ईसिम'. त्यात कीकॅडला जोड दिली एनजीस्पाइसची, म्हणजे बर्कलीतल्या १९७३ च्या 'स्पाइस'च्या वारसाची. सर्किट काढा, व्होल्टेज-करंट पडद्यावरच बघा, मग बोर्डाकडे वळा. रेघा एकमेकींना खेटल्या तर तेही तपासणीत कळतं.

पण खरं सांगू? माझं अडलं होतं ते किमतीमुळे नव्हे. चोरीची सीडी तेव्हाही मिळायची. शेजारी बसून 'आता इथे क्लिक कर' म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून आयआयटीचाच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मला जास्त मोलाचा वाटतो. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, एकट्याने शिकता येतील असे. ईसिमचेही आहेत. आणि प्रकल्पातले कितीतरी धडे मराठीत ऐकता येतात: पडद्यावर इंग्रजी, कानात मराठी.

गेल्या सुट्टीत भाच्याने विचारलं, "मामा, बोर्ड किती आणू?" म्हटलं, एकही नको. आधी पडद्यावर मनसोक्त चूक.

असो. फरशीवरचे डाग अजून तसेच आहेत.